पश्चिमेचा खांब

अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला, एक मराठी शाळा होती. १९८४च्या जूनमध्ये सुनेत्रा गुप्ते तिथे खेळाच्या बाई म्हणून लागल्या, तेव्हा शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी त्यांना एकदा वरून खाली पाहून घेतलं. तोवर त्या शाळेत खेळाचे शिक्षक म्हणजे मिशी, छडी आणि शिट्टी. बाईंकडे यातली फक्त शिट्टी होती. पाचवारी साडीचा पदर कमरेला घट्ट खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या मैदानात उतरल्या आणि पहिल्याच तासाला नववीच्या मुलींना म्हणाल्या, "आधी गुडघे गरम करा. पळायचं नंतर."

मुली फिदीफिदी हसल्या. गुडघे गरम करायचे म्हणजे काय, शेकायचे?

बाईंना एक सवय होती. कोणी पडलं, खरचटलं, मुरगळलं, की त्या आधी पोर उचलत आणि मग वही उचलत. निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही. तारीख, वार, तास, नाव, इयत्ता, कुठे पडलं, कसं पडलं, कोणता हात, कोणता पाय. मुलांनी तिचं नाव 'पडण्याची वही' ठेवलं. वहीत नाव लागलं की आठवडाभर वर्गात भाव मिळायचा. बाईंचं म्हणणं साधं होतं. मुलं उगाच पडत नाहीत. दर पडण्यामागे कारण असतं, आणि कारण सापडलं की पुढचं मूल पडत नाही.

मैदान तसं बरं होतं. खाली ओढ्याची काळी माती, वर लाल मुरूम दाबलेला. मधोमध खो-खोचे दोन लाकडी खांब. एक पूर्वेला, शाळेच्या पायऱ्यांसमोर. दुसरा पश्चिमेला, ओढ्याच्या बाजूला. त्या पश्चिमेच्या खांबापलीकडे दहा पावलांवर काटेरी तार होती आणि तारेपलीकडे जमीन एकदम खाली उतरत होती. दुपारच्या शांततेत ओढ्याचं पाणी दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. कोणीतरी घरात पाणी ओतत असावं तसं.

वहीतली पहिली नोंद १२ सप्टेंबर १९८४, बुधवार. आठवीतली विठा पश्चिमेच्या खांबाला वळसा घालताना तोंडावर आपटली. डावं मनगट मोडलं. ओठ फुटून मुरमावर रक्त सांडलं. शाळेचा म्हातारा शिपाई सोमा तांब्याभर पाणी घेऊन धावत आला. त्याने पाणी विठाला दिलं नाही. ज्या जागी रक्त पडलं होतं तिथे ओतलं आणि उकिडवा बसून हाताने ती जागा सारवल्यासारखी पुसत राहिला.

"सोमा, आधी पोरीला पाणी!" बाई ओरडल्या.

"देतो बाय," सोमा मान वर न करता म्हणाला. "पयला हिला दिला. मंग तिला."

'हिला' म्हणजे कोणाला, ते विचारायचं बाईंना त्या गडबडीत सुचलं नाही.

विठाचं मनगट दीड महिन्यात बरं झालं. पण त्यानंतर मुलं त्याच जागी पडू लागली. २२ जानेवारी ८५, मंगळवार. मग १३ डिसेंबर, शुक्रवार. १० फेब्रुवारी ८६, सोमवार. सगळी पश्चिमेच्या खांबापाशी, डाव्या अंगाला. घोटा, घोटा, गुडघा. मैदानात इतरत्रही मुलं पडायची, पण ती आपली पडल्यासारखी पडायची. हसत उठायची. इथे पडलेलं मूल हसत नसे.

बाईंना त्रास पडण्याचा झाला तसा त्या मुलांच्या बोलण्याचाही झाला. 'कसं पडलं' या रकान्यात त्या मुलांचेच शब्द लिहून घेत. डिसेंबरातली मुलगी म्हणाली होती, "बाई, कोणीतरी पाय धरला." फेब्रुवारीतला मुलगा दुसऱ्या वर्गातला, दुसऱ्या गल्लीतला. तो त्या मुलीशी आयुष्यात कधी बोलला नसेल. तोही म्हणाला, "पाय धरला, बाई. सोडेचना."

मुलांनी त्या जागेला 'ओढणारी' म्हणायला सुरुवात केली. ओढणारीवर डावा पाय देऊ नये. ओढणारीपाशी 'खो' मागू नये. एकदा बाईंनी पाहिलं, पाचवीतल्या दोन चिमुरड्या खांबापासून हातभर लांब उभ्या राहून जमिनीला विचारत होत्या, "आज कोण?"

५ सप्टेंबर ८६, शुक्रवार. ३ डिसेंबर, बुधवार. ३० जानेवारी ८७, शुक्रवार.

त्या जानेवारीच्या संध्याकाळी बाई घरी वही उघडून बसल्या. त्यांचे यजमान चिंतामणराव एका कारखान्यात अधिकारी होते आणि घरी आल्यावर वर्तमानपत्राच्या आड राहत. आतून त्यांचा आवाज आला, "कोणाला पाडलंत आज?"

"थट्टा नको. जरा ते भिंतीवरचं कॅलेंडर द्या. आणि मागच्या तीन वर्षांची, माळ्यावरची."

"कॅलेंडरात काय मिळणार? पोरं मैदानात पडतात, तारखेत नाही."

पण त्यांनी उठून दिली. बाईंनी बोट ठेवून एकेक तारीख जुळवली. विठाची जुळली नाही. बाकी सहाही जुळल्या. प्रत्येक वेळी अमावास्या आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी होऊन गेली होती.

चिंतामणरावांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, वही पाहिली, कॅलेंडर पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच चहा ठेवला. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं पहिल्यांदा केलं.

मुख्याध्यापक दिनानाथ सर विज्ञान शिकवायचे. त्यांनी वही चाळली आणि चष्मा काढून पुसला. "गुप्तेबाई, माझा या गोष्टींवर विश्वास नाही."

"माझाही नाही, सर."

"मग अमावास्येच्या आठवड्यात खो-खो बंद ठेवा."

"विश्वास नाही तर बंद का ठेवायचा?"

"कारण पालकांचा आहे!" सर चिडले. "मागच्या सभेत एक बाई म्हणाली, शाळेत शिकायला पाठवते, पाय मोडून घ्यायला नाही. यापुढे एक जरी मूल त्या खांबापाशी पडलं ना, तर खो-खो कायमचा बंद. तुम्ही शिवणाचा तास घ्या. सुई टोचेल, त्याहून जास्त काही होणार नाही."

बाई वही उचलून बाहेर आल्या. त्यांना शिवण उत्तम येत होतं. म्हणूनच त्या तासाची त्यांना धास्ती वाटली.

आणि शिवाय चंद्री होती.

चंद्री सातवीत होती. जांभूळच्या पुढे, बारवीच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथून ती रोज चालत, मग टेम्पोत लटकून शाळेत यायची. अंगाने काडी. पण पळायला लागली की तिचा पाय जमिनीला लागतो की नाही याची शंका यावी. जून ८७मध्ये बाई तिच्या आईला भेटायला वाडीवर गेल्या. आई आवडी दारात नाचणी पाखडत होती. मुलीला शाळेनंतर तासभर थांबवून घ्यायचं, जिल्ह्याच्या संघाच्या निवडीला उतरवायचं, असं बाईंनी समजावून सांगितलं.

आवडीने सूप खाली ठेवलं. "बाय, आमच्या वाडीला पानी खालून आनायचं. दोन हांडे, चढाचं. हिचा बाप नाय. माज्या गुडघ्यात आता काय राह्यला नाय. हिचा पाय गेला तर पानी कोन आनंल?"

"पाय जाणार नाही. माझी जबाबदारी."

"त्या खांबाचा आयकलाय आमी. सोमा आमच्या वाडीचाच हाय."

"आवडीबाई," बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या पायाला काही झालं तर मी पुन्हा शिट्टी हातात धरणार नाही."

हे बोलताना त्यांना स्वतःलाच चांगलं वाटलं. उतरताना, ओढ्याच्या पाण्याचा तो ओतल्यासारखा आवाज इथेही कुठूनतरी येतोय असं वाटलं आणि त्या भरभर चालू लागल्या.

त्या वर्षी पाऊस लवकर ओसरला. मैदान ऑगस्टअखेर वाळलं. निवड सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होती आणि चंद्री पश्चिमेच्या खांबाला रोज चाळीस वेळा वळसा घालत होती. बाई तिच्याबरोबर नुसत्या डोळ्यांनी धावायच्या. गुडघे गरम, घोटे गोल, उडी टाकताना टाचेवर नाही, चवड्यावर. सगळं शिकवलं. सगळं वहीत होतं. तरी चंद्री त्या खांबाकडे वळली की बाई नकळत दोन पावलं पुढे सरकायच्या.

२२ सप्टेंबर, मंगळवार, सर्वपित्री अमावास्या. सकाळची शाळा बारा वाजता सुटली. दुपारची साडेबाराला भरायची. तो अर्धा तास शाळा रिकामी असायची. फॅक्टरीचा बाराचा भोंगा वाजून थांबला आणि त्यानंतरची शांतता कानात दडा बसल्यासारखी आली. बाई चष्मा विसरला म्हणून परत आल्या होत्या. पायऱ्यांवरून त्यांनी मैदानाकडे पाहिलं.

पश्चिमेच्या खांबापाशी कोणीतरी बसलं होतं. पाठमोरं, उकिडवं. ऊन डोक्यावर असल्यामुळे खांबाला सावली नव्हती आणि त्या माणसालाही नव्हती. त्याचे खांदे हलत होते. हळू आवाजात ते खांबाशी बोलत होतं. मधेच थांबायचं, मान कलती करायचं, उत्तर ऐकल्यासारखं, आणि पुन्हा बोलायचं.

बाई दोन पायऱ्या खाली उतरल्या. मग त्या माणसाने मान वळवली. तो सोमा होता.

"तुमी याला नको होतं, बाय," तो म्हणाला. त्याच्यासमोर लाल फडक्यात बांधलेला नारळ होता, हळदकुंकू, बिब्बा आणि लहान पहार. खांबाच्या डाव्या अंगाला, जिथे विठाचं रक्त सांडलं होतं तिथे, त्याने वीतभर रुंद खड्डा खणला होता.

"हे काय चाललंय, सोमा?"

"तिचा देतो तिला. तुमी गेलात तं बरा. सांगितला की उतारा लागत नाय."

"किती दिवस चाललंय हे?"

"विठा पडली तवापासून. पावसात नि सुट्टीत जागा निजलेली असते. बाकी दर अवसेला." त्याने खड्ड्यातली माती हाताने बाजूला सारली. "मी देतो म्हनून पोरं पायावर निभावतात, बाय. नायतर डोक्यावर पडली असती."

बाईंनी त्याला रागवायला हवं होतं. त्या नंतर कित्येक वर्षं स्वतःला हेच सांगत राहिल्या. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त रविवार होता, आणि आवडीचं सूप, आणि दोन हंडे. सहा तारखा कॅलेंडरात जुळल्या होत्या. आज अमावास्या होती.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मैदानात कोणी नव्हतं.

"चंद्रीसाठी वेगळा दिलास का?" त्यांनी विचारलं. स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही.

सोमाने मान हलवली. "एकच आनलाय."

घरी श्राद्धाचा नारळ आणायचा म्हणून बाईंच्या पिशवीत सकाळीच घेतलेला एक होता. तो त्यांनी काढून सोमाच्या हातात दिला. "मग हा माझ्याकडून घाल. तिच्या नावाने."

सोमाने आपला नारळ बाजूला ठेवला. म्हणाला, एका अवसेला एकच. बाईंचा नारळ त्याने लाल फडक्यात बांधला, गाठ मारली, खड्ड्यात ठेवला, वर माती लोटली, मुरूम पसरला आणि तांब्याने पाणी शिंपून जागा अशी एकसारखी केली की बाई तिथेच उभ्या असून त्यांना ती पुन्हा ओळखता आली नसती.

दोन दिवसांनी, २४ सप्टेंबर, गुरुवार, शेवटचा तास. चंद्री पळत होती. मागे नववीची दांडगी मुलगी. चंद्रीने खांबाला हात लावला, अंग झोकून वळसा घेतला, डावा पाय टेकला.

पाय आत गेला. नुसता घसरला नाही, घोट्यापर्यंत आत गेला. तिचं सगळं अंग पुढे गेलं आणि पाय तिथेच राहिला. तिने किंचाळायला तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. तो त्या नववीच्या मुलीच्या तोंडून आला.

बाई धावल्या. पाय सोडवला. घोटा तासाभरात नारळाएवढा सुजला. सोमा रिक्षा घेऊन आला आणि चंद्रीला दवाखान्यात नेताना ती बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून एवढंच म्हणाली, "बाई, रविवार गेला ना?"

हाड शाबूत होतं. शिरा ताणल्या होत्या. तीन आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, नशीब, असा पाय अडकला की बहुधा मोडतोच.

दुसऱ्या दिवशी बाराचा भोंगा झाला आणि बाई एकट्या मैदानात गेल्या. शिट्टी त्यांनी गळ्यात घातली नव्हती. खांबापाशी जाऊन त्यांनी बूट काढले आणि चंद्रीने ठेवला होता तिथे डावा पाय ठेवला. भार टाकला.

माती खचली. पाय हळूच आत गेला आणि खाली काहीतरी गोल, कडक तळव्याला लागलं. घोट्याभोवती सैल माती ओघळून घट्ट बसली. अगदी कोणी धरावा तशी.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग वहीतले रकाने त्यांना डोळ्यापुढे दिसले. तारीख, वार, तास, कोणता पाय. मुलांबद्दल सगळं विचारलं होतं. जमिनीबद्दल एक रकाना नव्हता. अमावास्येला खड्डा. नंतरचे चार-सहा दिवस माती पोकळ. मग मुलांच्या पायांनी ती दबायची, पुढच्या अमावास्येपर्यंत. मुलं वाचावीत म्हणून दर वेळी पुरलेलं, तेच मुलांचा पाय धरत होतं. आणि परवाचं त्यांनी स्वतःच्या पिशवीतून काढून दिलं होतं.

त्यांनी सोमाला हाक मारली. सांगितलं. सोमाने सगळं ऐकलं. मग त्याने आपल्याच दोन्ही हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

"म्हंजे मीच?"

"आपण दोघं," बाई म्हणाल्या. "पहार आण."

हाताशी फक्त तो अर्धा तास आणि दुपारच्या शाळेची मुलं आत येऊ नयेत म्हणून दाराला लावलेली कडी. सोमा खणत गेला आणि बाई काढत गेल्या. वरचा त्यांचा स्वतःचा. त्याखाली, बाजूला, तिरपे, एकमेकांना खेटून, लाल फडकी कुजून काळी पडलेली, करवंट्या आतून पोकळ झालेल्या. जमिनीत एक बीळच झालं होतं.

"माजे चवदा," सोमा धापा टाकत म्हणाला. "तुमचा पंधरावा. झाले."

बाईंनी मोजले. पंधरा.

सोमाने खड्ड्याची कड सारखी करायला पहार एकदा आणखी टाकली. ती टक्क करून वाजली.

खाली सोळावा होता.

तो बाकीच्यांपेक्षा हातभर खोल होता. फडकं लाल नव्हतं. कोणता रंग होता ते सांगता येऊ नये इतकं जुनं होतं, पण कुजलं नव्हतं. सोमाने तो दोन्ही हातांनी वर घेतला, गाठीवर अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"बाय, ही माजी गाठ नाय. आमी उजवी मारतो. ही डावी हाय."

"मग कोणाची?"

"माज्या आदी कोनीतरी देत होता." त्याने खांबाकडे पाहिलं. "शाळा नव्हती तवा. खांबबी नव्हता."

ओढ्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. पावसाळ्याचं पाणी ओसरलं होतं, तरी. विठा पडली त्या दिवशी इथे कोणताही ताजा खड्डा नव्हता, हे बाईंना त्याच वेळी आठवलं. ती एकच तारीख कशाशीच जुळत नव्हती.

"हा परत ठेवू," सोमा हलक्या आवाजात म्हणाला. "आपन याची झोप मोडली."

"नाही. सगळे पाण्यात सोडायचे. आणि हा खड्डा आज दगडगोट्यांनी भरायचा, वर मुरूम, वर धुम्मसाने ठोकायचं. ही जागा शाळेच्या पायरीसारखी घट्ट झाली पाहिजे." दारावर मुलं धडका देत होती. बाईंना मुख्याध्यापकांना उत्तर द्यायला जायचं होतं. "घमेल्यात भर आणि जा ओढ्यावर. मी आलेच."

दिनानाथ सरांपुढे त्यांनी काही लपवलं नाही, स्वतःचा नारळही नाही. सरांनी पुन्हा चष्मा काढून पुसला. शेवटी म्हणाले, "विज्ञानाच्या बाजूने बोलायचं तर तुम्ही बरोबर आहात. म्हणून मला जास्त भीती वाटते आहे." खो-खो त्यांनी बंद केला नाही. एक अट घातली. पुन्हा असं होऊ नये याची काहीतरी पद्धत बाईंनी बसवावी.

बाई मागच्या दाराने तारेपाशी गेल्या. खाली ओढ्यावर सोमा उभा होता आणि नारळ पाण्यावर डुलत एकेक करून वळणाआड जात होते. बाईंनी सवयीने मोजले. पंधरा. सोळावा आधीच गेला असेल, किंवा बुडाला असेल. सोमा रिकामं घमेलं घेऊन चढ चढून आला आणि त्यांच्या नजरेला नजर न देता खड्डा भरायला निघून गेला.

बाईंनी विचारलं नाही.

आवडीला मात्र त्यांनी सांगितलं. त्याच रविवारी वाडीवर गेल्या, शिट्टी तिच्यापुढे ठेवली आणि नारळाची गोष्ट सांगितली. आवडीने शिट्टी उचलून फुंकून पाहिली. चिमणीएवढा आवाज आला. "ही मी घेऊन काय करू? कोंबड्या बोलावू?" ती म्हणाली. मग शिट्टी परत बाईंच्या हातात दिली. "पोरगी बरी होईस्तो पानी सोमा आनतोय. त्यानं आपनहून घेतलाय. तुमी तुमचा काम करा."

बाईंनी ते केलं. दुसऱ्या सोमवारपासून शाळेत नवा रिवाज सुरू झाला. खेळाच्या तासाला सगळ्यात आधी मैदानाची फेरी. वर्गातली सगळी मुलं हातभर अंतराने एका ओळीत उभी राहणार, अनवाणी, न बोलता, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत जाणार. पायाला काच, खिळा, खड्डा, ओल, मऊ माती, काही लागलं की हात वर. सगळं साफ झाल्यावर मग बूट, मग गुडघे आणि घोटे, मग खेळ. वहीत नवा रकाना आला, माती. ओळ खांबांपाशी पोचली की दोन्हीकडे बुंध्याभोवती प्रत्येकाने तीनदा पाय आपटायचे, जमीन भरीव वाजते की पोकळ ते ऐकायला.

चंद्री पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या संघात गेली. पश्चिमेच्या खांबापाशी त्यानंतर एकही मूल जखमी झालं नाही. एकही नाही. १९९० साली बदलापूरच्या एका शाळेचे शिक्षक फेरी बघायला आले, मग उल्हासनगरच्या दोन शाळांचे. वही कशी आखायची ते बाईंनी सगळ्यांना दाखवलं. सोमा ९२ साली निवृत्त होऊन वाडीला गेला आणि त्याच पावसाळ्यात वारला. सोळाव्याबद्दल तो कधी बोलला नाही.

वर्षं गेली तशी कारणं गळून पडली आणि फेरी राहिली. नव्या मुलांना नारळ माहीत नव्हते. पूर्वेच्या खांबापाशी ती आळसावून पाय आपटत. पश्चिमेच्या मात्र मन लावून. एकदा बाईंनी पाचवीच्या एका नव्या मुलीला विचारलं, "इथे का गं तीनदा?"

"मॅडम, इधर तीन बार मारनेका," ती हळू आवाजात म्हणाली, जणू शेजारी कोणी झोपलं आहे. "नाही तर ती उठते ना."

बाईंनी तिला समजावून सांगितलं. मातीचं, पोकळीचं. मुलीने शहाण्यासारखी मान डोलावली आणि पुढच्या मुलीच्या कानात काहीतरी वेगळंच सांगितलं.

१९९८च्या जानेवारीत, बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना, चंद्री आली. आता ती बारवीकडच्या एका आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका होती. खांद्याला पिशवी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. तिला जुन्या वह्या उतरवून घ्यायच्या होत्या. दोघी मैदानाकडे तोंड करून पायरीवर बसल्या. सकाळची शाळा सुटत आली होती. शेवटच्या तासाचा वर्ग फेरीसाठी ओळीत उभा राहत होता.

चंद्रीने २४ सप्टेंबर ८७ची नोंद काढली. 'कसं पडलं' पुढे बाईंनी लिहिलं होतं, सैल मातीत पाय खचला. दोष माझा.

"बाई, तुम्ही मला तेव्हा विचारलंच नाही," चंद्री म्हणाली. "बाकी सगळ्यांना विचारायचात, कसं पडलीस. मला नाही विचारलंत."

"माझी हिंमत झाली नाही."

"मग आता सांगू?" ती वहीवरून नजर न काढता म्हणाली. "सगळी म्हणायची, कोणीतरी पाय धरला. माझाही धरला होता. माती, मला कळलं होतं. माझं अंग पुढे गेलं आणि मला वाटलं, मोडला. आणि तेव्हाच तळव्याला खालून ढकललं कोणीतरी. वर. दोन्ही हातांनी ढकलावं तसं. म्हणून नुसता मुरगळला."

बाईंनी नजर पश्चिमेच्या खांबाकडे वळवली.

"सोमाबाबाला सांगितलं होतं मी. पाणी घेऊन यायचा तेव्हा. तो रडला. म्हणाला, बरं झालं, तिला तिथंच ठेवली." बाईंना ओढ्यावर मोजलेले पंधरा नारळ आठवले.

बाराचा भोंगा झाला. ओळ मैदानाच्या मध्यावर आली होती. तीस-पस्तीस मुलं, अनवाणी, मुकी, खाली माना घालून. पश्चिमेच्या खांबापाशी ती गोळा झाली. भर उन्हात त्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या.

बाईंनी दहा वर्षं हा आवाज वरूनच ऐकला होता. भरीव आहे की पोकळ, एवढंच त्यात शोधलं होतं. आज त्यांचा हात नकळत शिट्टीकडे गेला, मुलांना थांबवायला. पण थांबवून सांगायचं काय, ते त्यांना कळेना. आणि आपटल्याशिवाय माती घट्ट राहत नाही, हेही खरंच होतं.

मुलांनी पाय उचलले. एक, दोन, तीन.

मैदान भरीव वाजलं. बाईंनी वही उघडली, तारीख घातली, 'माती' या रकान्यात 'घट्ट' लिहिलं आणि चंद्रीचा हात घट्ट धरून बराच वेळ ऐकत बसल्या.